आईच्या दारापासून बालाजीच्या दारापर्यंत

कोल्हापूर ते तिरुपती अंतर किती, हा प्रश्न आमच्या घरात तीन जणांनी तीन तऱ्हेनं सोडवला.

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून मी नकाशा उघडला. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटं उत्तरेला आणि ७४ अंश १४ मिनिटं पूर्वेला. तिरुपती साधारण १३ अंश ३८ मिनिटं आणि ७९ अंश २५ मिनिटं. म्हणजे दक्षिणेकडं तीन अंशांहून थोडं जास्त, पूर्वेकडं पाच अंशांहून थोडं जास्त. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, आणि या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०७ किलोमीटरचा. एक बाजू ३४०, दुसरी ५५४. सातवीतला माझा मुलगा पायथागोरस नुकताच शिकलाय, त्यानं कर्ण काढला: ६५० किलोमीटर. मग त्यानंच रेल्वेचं अंतर शोधलं, ते नऊशेच्या वर निघालं. बेल्लारी, गुंतकल असं वळसे घेत गाडी जाते, त्यामुळं तेवढं होणारच.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एक रात्र आन् एक दिस. आणि काय मोजायचं त्यात?"

आत्तींचं वय बहात्तर. गुडघे गेलेत. म्हणून जाताना विमान ठरलं. पण येताना रेल्वेनं, हरिप्रिया एक्सप्रेसनंच यायचं, ही त्यांची अट. "आख्खा मुलूख बघत यायचं, तवा कळतं कुठनं आलोय ते."

२९ जानेवारी, पहिला दिवस

सकाळी साडेसहाला आम्ही अंबाबाईच्या देवळात होतो. तिरुपतीला निघताना आईला सांगितल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस निघत नाही. त्यामागं कथा आहे. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, जिथं लक्ष्मीचा वास, तिथंच. विष्णूनं राग न धरता उलट ऋषींचेच पाय चेपले. तो अपमान लक्ष्मीला सहन झाला नाही. ती वैकुंठ सोडून करवीरात, म्हणजे कोल्हापुरात आली, आणि तिच्या शोधात निघालेला विष्णू व्यंकटाचलावर, म्हणजे तिरुमलाच्या डोंगरावर थांबला. म्हणून तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही असं मानतात, आणि दर नवरात्रात तिरुमलाहून आईसाठी शालू येतो. अंबाबाई विष्णूची लक्ष्मी की शिवाची शक्ती, यावर कोल्हापुरात दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंनी जाणती माणसं बोलतात. आत्ती त्या वादात पडत नाहीत. त्या हात जोडून फक्त एवढंच म्हणाल्या, "जाऊन येते गं आई. काय निरोप?"

सात वीसला घर सोडलं. मुलानं वहीत पहिली वेळ लिहिली. पूर्ण प्रवासाच्या वेळा टिपायचं काम मी त्याच्याकडं दिलं होतं. राजारामपुरी, विद्यापीठ, मग उजळाईवाडी, तिथं विमानतळ. उसाचा हंगाम जोरात होता. हायवेला लागल्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, त्याच्यामागं आमची रिक्षा, आणि गुऱ्हाळाचा गोडसर धूर. नऊ-दहा किलोमीटरला पाऊण तास लागला.

आपल्या विमानतळाची मला मनापासून माया आहे. तो राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९चा. देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी कोल्हापूर संस्थानानं विमानतळ केला होता, आणि नंतर कितीतरी वर्षं तिथं नियमित विमान नव्हतं. आता २०२४च्या मार्चमध्ये उद्घाटन झालेली नवी इमारत आहे, कमानींची, कोल्हापूरची वाटावी अशी. आत्ती कमानीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "वाड्यात आल्यागत वाटतंय."

आमचं पहिलं विमान हैदराबादपर्यंतचं, पंख्यांचं, एटीआर. यात मागच्या दारानं चढतात, सामान पुढच्या बाजूला असतं. दाराचाच जिना होतो, पाच-सहा पायऱ्यांचा. आत्तींना तेवढ्याला दोघांनी धरलं. पंख विमानाच्या डोक्यावर असल्यामुळं खिडकीतून खालचं सगळं दिसतं, आणि आम्ही बसलो होतो तिथून चाकही दिसत होतं. नऊ बावन्नला विमान जागेवरून हललं. दहा वाजून एक मिनिटाला चाकं सुटली. आत्तींनी माझा हात धरला नाही, खिडकीची कड धरली. चाक पोटात दुमडून गेलं तसं त्या म्हणाल्या, "पाय घेतले बग त्यानं."

मी नकाशावर पट्टी ठेवून आधीच रेघ ओढली होती. उजळाईवाडीहून हैदराबादला सरळ रेघ ओढली की ती नृसिंहवाडीजवळून जाते. पाच-सात मिनिटांतच ती दिसली. दोन नद्या दोन रंगांच्या. पंचगंगा हिरवट, कृष्णा जरा निवळ, आणि मिळाल्यावर काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहताना दिसत होते. वाडीला मी कितीदा गेलेय, घाटावर बसून संगम पाहिलाय. पण दोन नद्या एकमेकींत लगेच मिसळत नाहीत हे मला वरूनच दिसलं. पुढच्या वर्षी नद्यांचा धडा शिकवताना मी हे सांगणार आहे.

मग ऊस संपला. हिरवा रंग तुटत तुटत तपकिरी झाला, काळी जमीन आली, ज्वारीचे पट्टे आले. रेघ विजापूरवरून जाते, आणि एक मोठं गाव खाली आलंही. गोल घुमट ओळखू आला नाही. मुलाला मी म्हटलं, आदिलशाहीच्या विजापूरहून कोल्हापूरला घोड्यावर यायला किती दिवस लागत असतील, त्याचा हिशेब घरी गेल्यावर करू. आपण वीस-पंचवीस मिनिटांत आलो.

अकरा वाजून दोन मिनिटांनी चाकं टेकली, अकरा दहाला विमान थांबलं. मुलानं विचारलं, "आई, हे ताशी पाचशेनं जातं ना? अंतर साडेचारशे. मग पंचावन्न मिनिटांत यायला पाहिजे होतं." वर्गात असा प्रश्न आला असता तर मी त्या मुलाला पुढं बोलावून फळ्याशी उभं केलं असतं. पाचशे हा वेग वर गेल्यावरचा. चढताना आणि उतरताना विमान त्याहून हळू असतं, उतरायला रांग असेल तर थोडा वळसा घेतं. आणि तिकिटावर छापलेला वेळ हा नुसत्या उडण्याचा नसतोच. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या गावी जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो तो. हवेत आम्ही ६१ मिनिटं होतो, तिकिटाच्या हिशेबानं ७८.

इथंच नकाशाची दुसरी गोष्ट सांगते. तिरुपतीला जायला आम्ही हैदराबादला गेलो, म्हणजे त्रिकोणाची एक बाजू धरून पूर्वेला. तिथून दुसरी बाजू धरून दक्षिणेला सव्वाचारशेच्या आसपास. दोन्ही मिळून साडेआठशेच्या वर. सरळ रेघेत साडेसहाशे असलेलं अंतर विमानानंही रेल्वेइतकंच केलं. २०१९च्या मे महिन्यात कोल्हापूर-तिरुपती थेट विमान सुरू झालं होतं, तेव्हा गावात केवढा आनंद झाला होता. आमच्या तारखांना मात्र थेट काही नव्हतं. अंबाबाई आणि बालाजी या दोन गावांमधली ये-जा काही आजची नाही, शेकडो वर्षांची आहे. ही बाजू थेट उडली तर दीड-पावणेदोन तासांचं काम. ती कायमची सुरू राहावी असं मला फार वाटतं, आणि सगळ्यात जास्त आत्तींच्या वयाच्या माणसांसाठी वाटतं.

कारण पुढचं विमान दोन दहाचं होतं, ते सुटलं चार पाचला. फलकावरची वेळ पुन्हा पुन्हा बदलली आणि प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटांनीच पुढं गेली. एकदाच दोन तास सांगितले असते तर आत्तींना कुठंतरी पाय वर करून बसवता आलं असतं. खुर्च्यांना मध्ये हात, त्यामुळं आडवं होता येत नाही. त्यांचे घोटे सुजले. मी खाली बसून त्यांचे पाय मांडीवर घेतले. फडक्यात बांधून आणलेल्या गुळाच्या दशम्या काढल्या, वर तूप लावलेलं. शेजारी एक तेलुगू आजी होत्या. आत्तींनी त्यांना दशमी दिली, त्यांनी पिशवीतून केळी काढली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. "कोल्हापूर महालक्ष्मी" एवढं आत्ती म्हणाल्या आणि त्या आजींनी दोन्ही हात कपाळाला लावले.

पाच वीसला रेणिगुंट्याच्या विमानतळावर उतरलो. पुढं गावात यायला पंधरा-सोळा किलोमीटर. खोलीत पाय ठेवला तेव्हा सहा पंचवीस. मुलानं वहीत बेरीज मांडली: घर ते खोली अकरा तास पाच मिनिटं, त्यातले हवेतले दोन तास. साडेसहाशे किलोमीटर भागिले अकरा. ताशी ५९ किलोमीटर.

तिकीट काढताना मी स्वतःच सगळ्यांना सांगत होते, "सव्वा तास आणि सव्वा तास, अडीच तासांत पोचतो." म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल तर तो आकडा धरू नका. उंबरा ते उंबरा मोजा, आणि मधल्या थांब्यावर पाय कुठं पसरायचे ते आधी बघा.

३० जानेवारी, दुसरा दिवस

पहाटे चारला उठलो. तिरुमला खालच्या गावापासून घाटानं वीस-बावीस किलोमीटर आणि उंची आठशे मीटरच्या वर. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. जुना घाट १९४४चा, तो आता उतरायला. चढायचा नवा १९७४चा. घाटाच्या पायथ्याशी अलिपिरीला सगळ्यांची तपासणी होते, सामान उतरवून यंत्रातून जातं, गाडीच्या नंबराची वेळ टिपली जाते. आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं की वर जायला २८ मिनिटं आणि उतरायला ४० मिनिटं लागलीच पाहिजेत. त्याआधी दुसऱ्या टोकाला पोचलात तर दंड. वळणांवर कुणी गाडी पळवू नये म्हणून. मला हा नियम फार आवडला. जगभर लवकर पोचवायची धडपड चालू असताना देवाच्या दाराशी ठरल्या वेळेच्या आत पोचायला बंदी आहे. मुलानं घड्याळ लावलं होतं. आम्हाला ३६ मिनिटं लागली.

अलिपिरीहून पायऱ्यांची वाटही आहे, साडेतीन हजारांच्या वर पायऱ्या. आत्ती लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंबरोबर ती वाट चढल्या होत्या, प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत. गाडीच्या काचेतून त्यांना ती वाट कुठं कुठं दिसायची, तेव्हा त्या बोट लावायच्या आणि काही बोलायच्या नाहीत.

तीनशे रुपयांच्या दर्शनाची वेळ आम्ही दोन महिने आधी घेतली होती. तरी रांगेत तीन तास चाळीस मिनिटं. कठड्यांमधून, दालनांमधून, पुन्हा कठड्यांमधून. गर्दी सरकली की "गोविंदा, गोविंदा" असा एकच आवाज उठतो आणि मागून पुढं लाटेसारखा जातो. सोन्याचा कळस दिसला तेव्हा आत्तींनी माझा खांदा घट्ट धरला. आत अंधार, तुपाचे दिवे, कापराचा आणि तुळशीचा वास. समोर तो उभा. डोळे नामानं, कपाळावरच्या रुंद गंधानं झाकलेले. "जरगंडी, जरगंडी", पुढं सरका, असं म्हणत सेवेकरी हात लावतात. मुलानं नंतर सांगितलं, त्यानं मनात मोजलं, सात आकडे झाले.

सात सेकंदांत आत्ती काय बोलल्या ते मी ऐकलं. "तुझी लक्ष्मी खुशाल हाय. मी काल सकाळीच बघून आले."

मला तिथं रडू आलं. रांगेबाहेर येऊन लाडू घेतले. हाताला तूप लागतं, मध्ये काजू, खडीसाखर, वेलदोडा. तो वास पिशवीतून घरापर्यंत आला. अन्नप्रसादाच्या दालनात केळीच्या पानावर भात, सांबार, चटणी, गोड भात. हजारभर माणसं एकाच वेळी जेवत असावीत, आणि एकही पान रिकामं राहत नव्हतं. उतरताना घाटात सत्तेचाळीस मिनिटं.

३१ जानेवारी, तिसरा दिवस

सकाळी तिरुचानूर, पद्मावतीचं देऊळ, गावापासून पाचेक किलोमीटर. मी आत्तींना आधीच विचारलं होतं, जायचं का? कारण कथेप्रमाणं लक्ष्मी रुसून आपल्याकडं आली आणि इकडं श्रीनिवासानं पद्मावतीशी लग्न केलं. त्या लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं, ते अजून भक्त हुंडीतून, म्हणजे देवळाच्या दानपेटीतून फेडतायत. आत्ती म्हणाल्या, "तिचा काय दोष हाय त्यात?" आणि घरून आणलेलं खण-नारळ त्यांनी दोन ठिकाणांसाठी आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. एक पद्मावतीच्या ओटीला, एक परत गेल्यावर अंबाबाईच्या.

दुपार झोपण्यात गेली. रात्री नऊ पाचला हरिप्रिया हलली. खालचा बर्थ आत्तींचा. आडव्या झाल्या, पाय लांब केले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा "आई गं" न म्हणता कुशीवर वळल्या.

१ फेब्रुवारी, चौथा दिवस

जाग आली तेव्हा गुंतकल, बेल्लारी मागं पडलं होतं. होस्पेट सोडलं की तुंगभद्रेचा पूल लागतो. उजाडताना पाण्यावर धुकं होतं आणि मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे. आत्ती कधीच्या उठून खिडकीशी बसल्या होत्या.

त्या बोलू लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मिरजेला गाडी बदलावी लागायची. तिथून खाली सगळे अरुंद रूळ, मीटरगेज. गाडी हळू, डबे लहान, आणि बरोबर वीस-बावीस माणसं, वळकट्या, स्टोव्ह, पितळेचा डबा. कुठल्या स्टेशनला पाणी गोड आणि कुठल्या स्टेशनला खारं हे सासूबाईंना पाठ होतं. "गदगला पाणी भरायचं न्हाई म्हणायच्या." मी मुलाकडं पाहिलं. तो वही बाजूला ठेवून ऐकत होता. मग त्यानं एक नवीन रकाना आखला आणि आत्तींना विचारून विचारून त्यात स्टेशनांची नावं आणि पाण्याची चव लिहिली. माझ्या नकाशात ही माहिती कुठं नाही.

हुबळीला गाडी बराच वेळ उभी होती. इथला फलाट जगातला सगळ्यात लांब, १५०७ मीटर. मुलगा एका टोकाकडं चालत निघाला, मी हाक मारून परत बोलावलं. धारवाडला पेढे. लोंड्यानंतर झाडी, बेळगावला डब्यात मराठी ऐकू यायला लागली, घटप्रभेला कृष्णेच्या मुलखाचा वास. मिरजेला एक बाई भडंग घेऊन चढली, कांदा आणि लसूण घातलेलं. आत्तींनी कागदाची पुडी हातात घेतली आणि म्हणाल्या, "आलं गाव."

मिरज ते कोल्हापूर हा फाटा १८९१ साली सुरू झाला, शाहू महाराजांच्या काळात. रूळ कोल्हापुरात येऊन संपतात. पुढं कोकणात उतरायची रेल्वे आजही नकाशावरच आहे. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल ओलांडला. विमानातून संगमाला पाहिलेली तीच नदी, इथं पुलाखाली अगदी जवळ. चार चाळीसला फलाटाला लागलो. १९ तास ३५ मिनिटं. मुलानं भागाकार केला, रुळाच्या अंतरानं ताशी ४६, सरळ रेघेनं ताशी ३३. विमानाचं ५९. "म्हणजे विमान दुप्पटसुद्धा नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, आजीचे घोटे बघ आणि तेही लिही. सूज उतरली होती.

माझे यजमान सामान घेऊन घरी गेले. आम्ही तिघं स्टेशनवरून थेट देवळाकडं. आत्ती थकल्या होत्या, पण तारीख त्यांच्या लक्षात होती. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी: किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात आईपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. धुकं असलं, ढग असले, वाटेत एखादी इमारत किंवा फलक आडवा आला तर किरणं मध्येच अडतात. सूर्यापासून निघालेला प्रकाश पंधरा कोटी किलोमीटर येतो, सव्वाआठ मिनिटांच्या आसपास. आणि अडतो तो शेवटच्या काही मीटरांत, महाद्वार रोडवर. ती वाट मोकळी ठेवणं आपल्या हातात आहे, म्हणून मी हे दरवर्षी वर्गात सांगते.

गर्दी इतकी की आम्हाला आत जाता आलं नाही. गरुड मंडपाच्या कडेला आत्तींना एका खांबाला टेकवून उभं केलं. सहाच्या सुमाराला फरशीवरून सोनेरी पट्टा सरकत गेला, माणसांच्या पायांमधून, हळूहळू, थांबत. सगळे कडेला झाले. कुणीतरी घंटा वाजवली. आतून निरोप आला, कमरेपर्यंत आली, आणि मग पट्टा फिका होत गेला. "अंबाबाईचा उदो" झाला.

गर्दी ओसरल्यावर आत्तींनी पिशवीतून लाडू आणि दुसरा खण-नारळ काढला. ओटी देताना त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "भेटून आले बग. बरा हाय."